लाइट गेलीय म्हणजे लाइन बंद झालीय असं नसतं, भाऊ

प्रति,
नाशिक शहरात आणि जिल्ह्यात फोन वाजला की पळत सुटणारे सगळे. फायरमन, १०८ चे डॉक्टर आणि पायलट, ११२ च्या गाडीवरचे पोलीस, गोदाघाटावरचे जीवरक्षक, आपदा मित्र स्वयंसेवक. आणि तुम्हाला पाठवणारे साहेब लोक.

नमस्कार.

मी रिटायर लाइनमन. एकतीस वर्षं खांबावर चढलो, आता सिडकोत राहतो आणि सकाळी नातवाला शाळेच्या रिक्षात बसवणं एवढीच ड्युटी उरलीय. हे मोबाईलवर बोलून बोलून टाईप करतोय त्यामुळे कुठं काना-मात्रा हलली असेल तर सांभाळून घ्या.

लिहायचं कारण असं की मागच्या वळवाच्या पावसात आमच्या गल्लीत गुलमोहोराची फांदी पडली, तिच्याबरोबर एक काळी वायर खाली आली, आणि ड्युटीवरच्या एका पोरगेल्या पोलिसानं लोकांना वाट करून द्यायची म्हणून ती काठीनं उचलून बाजूला केली. निघाली केबलवाल्याची. लोक हसले, तोही हसला. मला मात्र त्या रात्री झोप नाही, कारण उचलायच्या आधी ती केबलवाल्याची आहे हे त्याला कुठं माहीत होतं? मी विचारलं, अरे करंट असता तर? तर म्हणतो, काका, लाइट गेलीय ना सगळ्यांची.

हे वाक्य नोकरीत किती वेळा ऐकलं त्याचा हिशेब नाही. लाइट गेलीय म्हणजे तुमच्या घरातला बल्ब बंद आहे, बास, एवढाच त्याचा अर्थ. रस्त्यावर पडलेल्या तारेबद्दल त्यातून काहीच कळत नाही. तीन फेजपैकी तुमची एक गेली असेल आणि उरलेल्या दोन चालू असतील. डीपीचा, म्हणजे गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरचा, फ्यूज गेला असेल आणि वरची ११ केव्हीची, म्हणजे ११ हजार व्होल्टची, लाइन तशीच असेल. एकाच खांबावरून दोन फिडर, म्हणजे सबस्टेशनवरून निघालेल्या दोन वेगळ्या लाइनी, जात असतील, एक बंद, दुसरं चालू. आणि सगळ्यात वाईट म्हणजे लाइन खरंच ट्रिप झालेली असेल, म्हणजे फॉल्ट आला म्हणून आपोआप पडलेली असेल, पण तिला कोणी बंद केलेलं नसेल. हा ट्रिप होणं आणि बंद करणं यातला फरक, तो सांगायलाच बसलोय, बाकी सगळं त्याच्या आजूबाजूचं.

बरीच वर्षं झाली, मोबाईल तेव्हा फक्त मोठ्या साहेबांकडे असायचे. नाशिकपासून तासाभरावरचं गाव, नाव नको. रोहिणीचा वळीव, एक जुना कडुनिंब मुळासकट ११ केव्हीवर आडवा झाला, तारा खाली आणि बुंध्याखाली एक मोटरसायकलवाला. मी सायकलवर पोचलो तर आगीची गाडी माझ्या आधी हजर, गाव अंधारात, पन्नास-साठ माणसं जमलेली आणि सगळ्यांचं एकच, माणूस मरतोय आणि तुम्ही बघत काय बसलात. एक चोवीस-पंचवीसचा फायरमन कुऱ्हाड घेऊन फांद्यांकडे निघालेला. तार त्याच्यापासून तीन-चार पावलांवर गवतात पडलेली, एकदम गप्प, ठिणगी नाही, आवाज नाही. मी सायकल टाकून ओरडलो, थांब. तो म्हणाला लाइट तर गेलीय की. मी म्हणालो लाइन कोणी बंद केली, नाव सांग. त्याच्याकडे नाव नव्हतं, त्याच्या साहेबाकडेही नव्हतं. सरपंचाच्या घरून सबस्टेशनला फोन लावत होते पण तो सारखा एंगेज, कारण आजूबाजूच्या आठ गावांतली माणसं ऑपरेटरला फोन करून विचारत होती लाइट कधी येणार.

आमचं हे बोलणं चालू असतानाच तार उठली. उठली म्हणजे खरंच, साप जसा डोकं काढतो तशी गवतातून वर आली, निळा उजेड, कढईत पाणी पडल्यासारखा चर्र आवाज, आणि गवताचा धूर. दोन-तीन सेकंद असेल फार तर. परत गप्प. तो पोरगा पळाला नाही, मागेही सरकला नाही, होता तिथेच मटकन खाली बसला, कुऱ्हाड हातात तशीच. (खाली बसायचं नसतं, ते पुढे सांगतो.)

झालं काय होतं तर ऑपरेटरनं ट्रायल घेतली होती. त्याला काय माहीत इथं माणसं उभी आहेत? फिडर ट्रिप झालं की तो थोड्या वेळानं परत चार्ज करून बघतो, कारण बऱ्याच वेळा फांदी नुसती घासून गेलेली असते नाहीतर पक्षी चिकटलेला असतो, आणि लाइन होल्ड होते, लोकांचे पंखे सुरू होतात. काही ठिकाणी हे माणूस करतही नाही, ऑटो रिक्लोजर असतो, तो काही सेकंदांत आपोआप करतो, एकदा नाही, दोन-तीनदा. त्या रात्री गवत ओलं होतं म्हणून लाइन परत ट्रिप झाली. कोरडं डांबर असतं, खडी असती, काँक्रीट असतं तर कदाचित झालीच नसती. असल्या जमिनीतून इतका थोडा करंट जातो की रिलेला, म्हणजे लाइन ट्रिप करणाऱ्या यंत्राला, फॉल्ट दिसतच नाही. ऑपरेटर रजिस्टरला लिहितो, ट्रायल घेतली, होल्ड झाली, आणि इकडे तार रस्त्यावर जिवंत पडलेली, ठिणगी नाही काही नाही, लोक ओलांडून चाललेत. म्हणून ठिणग्या नाहीत म्हणजे करंट नाही हे डोक्यातून काढून टाका.

मग मी दोन खांब मागे गेलो, एबी स्विच (लाइन तोडायचा खांबावरचा स्विच) उघडला, कुलूप घातलं, पलीकडून बॅक सप्लाय येत नाही ना ते बघितलं, तार टेस्ट केली आणि मग डिस्चार्ज रॉड, म्हणजे तार जमिनीला जोडणारा दांडा, लावला. आधी रॉडची अर्थची बाजू जमिनीत, मग हूक तारेला. काढताना उलटं, तारेवरचा हूक आधी आणि जमिनीतली बाजू शेवटी. आणि एकच रॉड नाही, झाडाच्या अलीकडे आणि पलीकडे दोन्हीकडे. पंचवीस मिनिटं गेली यात. त्या पंचवीस मिनिटांत लोकांनी आम्हाला ज्या शिव्या घातल्या त्या इथं लिहिता येणार नाहीत. मोटरसायकलवाल्याचा पाय मोडला होता, तो जगला. तार त्याच्या अंगावर नव्हती, झाड होतं.

तर माझी मागणी काय? कोणी म्हणालं लाइन बंद आहे, तर विचारायचं, कोणी केली? नाव काय त्याचं? कोणतं फिडर? किती वाजता? स्विचवर काम चालू आहेचा बोर्ड लावला का? आणि माझा फोन आल्याशिवाय ट्रायल घेणार नाही ना? हे वहीत लिहायचं आणि त्याला परत वाचून दाखवायचं. नगरसेवक म्हणाले, दुकानदार म्हणाला, सोसायटीचा वॉचमन म्हणाला, हे चालणार नाही. एवढं विचारूनही काम अर्धंच झालेलं असतं कारण फोनवरच्या माणसानं शेजारचं फिडर बंद केलेलं असू शकतं, नावं सारखी असतात. लाइनमन जागेवर येऊन, टेस्ट करून, रॉड लावून सांगेल तेव्हा ती तार मेली. तोपर्यंत जिवंत. आम्ही लोक स्वतः असंच काम करतो, आणि जे करत नाहीत त्यांच्या बायकांना कंपनीत अनुकंपावर नोकरी करताना मी पाहिलंय.

जागा सांगायची एक युक्ती देतो. कंट्रोल रूमला तुम्ही सांगता अमुक चौक, तमुक मंदिराशेजारी, आणि तिथला माणूस गोंधळतो कारण त्या चौकात तीन फिडर येतात. त्यापेक्षा डीपीवर रंगवलेलं नाव-नंबर वाचा, खांबावर नंबर असेल तर तो वाचा, आणि काहीच दिसलं नाही तर शेजारच्या दुकानदाराचं लाइटबिल मागा आणि त्यावरचा १२ आकडी ग्राहक नंबर वाचून दाखवा. त्यावरून डीपी आणि फिडर काढता येतं. १९१२ लक्षात ठेवा, पण वादळाच्या रात्री १९१२ ला अख्खा जिल्हा फोन करत असतो. म्हणून साहेब लोकांना पहिली विनंती हीच की फायर कंट्रोल रूम ते वीज कंपनीची कंट्रोल रूम असा एक वेगळा नंबर पाहिजे, जो लाइट कधी येणार विचारणाऱ्यांना माहीत नसेल. खर्च काय त्याला? एक सिमकार्ड.

पोलीस बांधवांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. १९ जुलै २०२३ च्या आदल्या रात्री उत्तराखंडात चमोलीला, अलकनंदेच्या काठावरच्या सांडपाणी प्रकल्पात, एक कामगार करंट लागून गेला. सकाळी पंचनाम्यासाठी पोलीस आले, होमगार्ड आले, गावकरी जमले. आणि तिथल्या लोखंडी रेलिंगमध्ये करंट उतरला. सोळा माणसं गेली, त्यात एक पोलीस सबइन्स्पेक्टर आणि होमगार्ड. रात्री जिथं एक माणूस मेलाय तिथं सकाळी वीज असणार नाही असं सगळ्यांनी धरून चाललं. पंचनामा कागदावरचं काम वाटतं पण जागा तीच असते ना. आधी वीजवाल्याला आत पाठवा, तुम्ही बाहेर थांबा, बॉडी कुठं पळून जात नाही.

आता जमिनीचं सांगतो, हे बऱ्याच जणांना खोटं वाटतं. तारेला हात लावला तरच शॉक बसतो असं नाही. तार जमिनीवर पडली की तिच्याभोवती जमिनीतच व्होल्टेज पसरतं, तारेपाशी सगळ्यात जास्त आणि लांब जाल तसं कमी, तळ्यात दगड टाकल्यावर लाटा जातात तसं. तुमचा एक पाय जास्त व्होल्टेजवर, दुसरा कमीवर, की करंट एका पायातून वर जाऊन दुसऱ्यातून उतरतो. खेड्यात बघा, पावसाळ्यात खांबाजवळ बैल, म्हैस जास्त मरतात. जनावराचे पुढचे-मागचे पाय एकमेकांपासून किती लांब असतात, आणि मधे काळीज. मग मालक दावं सोडवायला धावतो आणि तोही जातो, पेपरात दोघांची बातमी एकत्र येते. म्हणून तारेपासून निदान दहा मीटर लांब, म्हणजे तुमच्या फायर टेंडरच्या लांबीपेक्षा जास्त, आणि एचटीची (११ केव्ही आणि वरची) तार असेल तर दोन्ही बाजूंचा एकेक गाळा, खांब ते खांब, सगळा मोकळा करा. तार तुटली की दोन टोकं होतात आणि दुसरं टोक कुठं पडलंय ते अंधारात दिसत नाही. चुकून आत गेलातच आणि पायाला मुंग्या आल्या तर वळून पळायचं नाही, बसायचं नाही, हात टेकायचे नाहीत. दोन्ही पाय जुळवून, न उचलता, घासत घासत मागे. नवरी माप ओलांडून येते ना तशीही पावलं नाहीत, त्याहून छोटी.

आपल्या जिल्ह्यात याच्यावर अजून एक भानगड आहे ती म्हणजे द्राक्षाचे मांडव. दिंडोरी, निफाड, पिंपळगावकडे जाल तर एकरच्या एकर लोखंडी अँगल आणि तारांचं जाळं. लाइनची तार मांडवाच्या एका कोपऱ्यात पडली की अख्खा प्लॉट करंटमध्ये असू शकतो, आणि तुम्ही शंभर मीटर लांब बांधावर उभं राहून अँगलला हात टेकलेला असतो. काटेरी कंपाऊंड, पत्र्याचं शेड, ठिबकचा पंप, सगळं त्यातच धरा. शेतात शिरताना धातूला धातू कुठंपर्यंत जोडलेला आहे ते आधी नजरेनं बघायचं, मग पाय टाकायचा.

गाडीवर तार पडली असेल तर आतल्यांना आतच बसवा. लांबूनच ओरडून सांगा, काचा लावा, कशाला हात लावू नका, येतोय आम्ही. टायरचं रबर वाचवतं म्हणतात ते चुकीचं आहे, टायरमध्ये कार्बन असतो आणि आत पोलादी तारा, ११ केव्हीपुढं त्याचं काय चालणार. आतला माणूस वाचतो कारण चारी बाजूंनी पत्रा आहे आणि तो जमिनीला टेकलेला नाही. एक पाय गाडीत आणि एक जमिनीवर ठेवला की संपलं. गाडीनं पेट घेतला तरच बाहेर, आणि तेही दार उघडून, दोन्ही पाय जोडून, गाडीला न शिवता लांब उडी, आणि मग परत ते घासत चालणं. तार बाजूला झाल्यावरही टायरपासून लांब राहा, आत जळत राहतं आणि नंतर फुटतं, कधीकधी खूप वेळानं.

१०८ च्या लोकांना इथं राग येईल पण स्पष्ट लिहितो, पेशंट दिसतोय, तुमच्यासमोर तडफडतोय, आणि तुम्हाला थांबायचंय. घरात २३० व्होल्टला चिकटलेला असेल तर मेन स्विच पाडा, नाहीतर कोरड्या लाकडानं, प्लास्टिकच्या खुर्चीनं ढकला, ते जमतं. ११ केव्हीला ते लाकूड चालत नाही, तुमचे काळे गमबूट चालत नाहीत, आगीचे हातमोजेही चालत नाहीत, ते उष्णतेसाठी केलेले आहेत. विजेचे हातमोजे वेगळे असतात, आयएस ४७७० चे, व्होल्टेजप्रमाणे त्यांचे प्रकार, घालायच्या आधी फुगवून भोक बघायचं असतं, आणि तरीही ते घालून एचटीची तार उचलायची नसते. आकडा सांगतो म्हणजे पटेल. ओल्या अंगाचा रेझिस्टन्स साधारण हजार ओहम धरा, २३० व्होल्टला २३० मिलीअँपियर झाले. घरातला ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की आपोआप पडणारा स्विच, ३० ला पडतो. हृदयाची लय बिघडायला ५० ते १०० पुरतात. हे घरातल्या बटणाचं झालं. ११ केव्ही म्हणजे ११ हजार व्होल्ट.

पेशंट एकदा सुटला की मात्र वेळ घालवू नका. त्याच्या अंगात करंट राहिलेला नसतो, हात लावा. खेड्यात अजून तळपाय चोळत बसतात, मातीत झोपवतात, त्यात पाच मिनिटं जातात. श्वास नसेल तर छाती दाबायला घ्या, मिनिटाला १०० ते १२०, पाच-सहा सेंटिमीटर खोल. करंटनं बंद पडलेलं हृदय पुष्कळदा तरुण आणि धडधाकट असतं, परत चालू होतं. आणि जो उठून बसलाय, चहा मागतोय, त्यालाही सिव्हिलला न्या, बाहेर रुपयाएवढा डाग दिसतो आणि आत सगळं भाजलेलं असतं, हृदयाचा पट्टा (ईसीजी) काढल्याशिवाय सोडू नये.

पाण्याचं फायरवाल्यांना मी काय शिकवणार, पण डीपी जळताना सरळ धार मारलेली मी डोळ्यांनी पाहिलीय. सरळ धार म्हणजे पाण्याची तारच की. फॉग, म्हणजे फवारा, मारला तर थेंब सुटे होतात, धोका कमी होतो, संपत नाही. आणि फोम विजेवर नको, त्यातून करंट येतो, तेलाची आग दिसली की हात फोमकडे जातो म्हणून सांगतोय. डीपी जळतेय तर जळू द्या थोडी, शेजारची घरं भिजवा, लाइन बंद होईपर्यंत. डीपी नवी मिळते.

जुन्या नाशकात शिडीचं बघा. नियमात ११ केव्ही लाइन आणि इमारत यांच्यात आडवं १.२ मीटर आणि उभं ३.७ मीटर अंतर लागतं, पण भद्रकालीत, पंचवटीत वाड्याची गॅलरी वाढवत वाढवत लोक तारेपाशी आलेत, हात काढला तर कपडे तारेवर वाळत घालता येतील. तिथं अॅल्युमिनियमची शिडी उभी करताना एक माणूस फक्त वर बघायला ठेवा, त्याला दुसरं काही काम देऊ नका. संक्रांतीत मांजात अडकलेला पक्षी काढायला तुम्हाला बोलावतात, लोक खाली मोबाईल घेऊन शूटिंग करतात, आणि तुम्ही त्या शूटिंगसाठी शिडी लावता. तसं काही नसतं असं म्हणू नका, मी पण एकदा लोकांसाठीच खांबावर चढलोय. घुबड होतं. लाइन बंद केल्याशिवाय तारेवरच्या पक्ष्याला हात नाही, भिजलेला मांजासुद्धा करंट आणतो.

पुराबद्दल एकच गोष्ट. २०१६ आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीला पाण्यानं वेढलं ते सगळ्यांनी पाहिलंय. घाटाजवळची घरगुती लाइन बंद करतात, ते बरोबरच, पण रस्त्यावरच्या दिव्यांचं सर्किट वेगळं असतं, ते टायमरवर. दुपारभर तुम्ही ज्या पाण्यातून दोरी धरून माणसं काढता त्याच पाण्यातला खांब संध्याकाळी सातला दिवा लागायच्या वेळेला करंट घेऊन उभा असू शकतो. त्यामुळे पुरात स्ट्रीट लाइट कोण बंद करणार हे सकाळीच नावानिशी ठरवा. फिडर पिलर, मिनी पिलर (रस्त्याकडेच्या विजेच्या पेट्या) पाण्याखाली असतील तर तेही.

तार कोणाची हेही बघावं लागतं. १९१२ ला सांगितलं म्हणजे सगळ्या तारा बंद झाल्या असं नाही. नाशिकरोड, देवळालीला रेल्वेची ओव्हरहेड २५ हजार व्होल्टची, ती रेल्वेचा कंट्रोलच बंद करणार, आणि तिला शिवायचीही गरज नाही, जवळ गेलं तरी ओढते. डब्यावर चढलेल्याला उतरवायला डब्यावर चढू नका. एकलहऱ्याहून निघणाऱ्या मोठ्या टॉवर लाइन वेगळ्या खात्याच्या. सातपूर-अंबडमध्ये कारखान्यांच्या स्वतःच्या एचटी, त्यांचे जनरेटर, त्यांचे कपॅसिटर, जे स्विच पाडल्यावरही थोडा वेळ भरलेले असतात. आणि आता घराघरावर सोलर. खालून मेन पाडला, मीटर काढला, तरी उन्हात छतावरची प्लेट वीज बनवतच राहते, तिच्यापासून इन्व्हर्टरपर्यंतच्या वायरमध्ये कित्येकशे व्होल्ट डीसी असतो, दिवस मावळेपर्यंत. छत कापायच्या आधी, वर पाणी मारायच्या आधी विचारा सोलर आहे का. सोसायट्यांना सांगून गेटवर एक पाटी लावायला लावा, सोलर आहे, डीसीचा स्विच इथे आहे. एवढं तर महापालिका करू शकते.

साहेब लोकांना दुसरी विनंती सिंहस्थाची. २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये अमृतस्नानं, म्हणजे भर पावसात. तपोवनात साधुग्राम, तात्पुरते खांब, चिखलातल्या केबली, पत्र्याची शेडं, लोखंडी बॅरिकेड किलोमीटरच्या किलोमीटर एकमेकांना बांधलेली. मघाशी द्राक्षाच्या मांडवाचं सांगितलं तेच, फक्त इथं बॅरिकेडला लाखो माणसं टेकलेली असणार. मॉक ड्रिल होतात, बॉम्बची होते, चेंगराचेंगरीची होते, आगीची होते. तार पडल्याची एक ड्रिल करा. त्यात वीज कंपनीचा खरा ऑपरेटर असू द्या, खरा लाइनमन असू द्या, आणि मुद्दाम फोन एंगेज ठेवा, मग बघा कोण काय करतं. बॅरिकेडला दर ठराविक अंतरावर अर्थिंग आहे का आणि मधे तोडलेलं आहे का, हे बांधतानाच बघायचं असतं. नंतर गर्दीत कोण बघणार. आणि दर गाडीवर एक लांबून करंट दाखवणारा डिटेक्टर द्या, पण देताना बजावून द्या की तो वाजला तर करंट आहे, नाही वाजला तर काहीच सिद्ध होत नाही.

आणखी एक, हे जरा खासगी आहे. त्या गावात त्या रात्री लोकांनी शिव्या घातल्या ना, त्याची मला सवय होती, आम्हाला शिव्या रोजच्याच. पण तुम्हाला लोक टाळ्या वाजवतात, हार घालतात, त्यामुळे गर्दी बघत असताना नुसतं उभं राहणं तुम्हाला आमच्यापेक्षा जड जातं. म्हणून गाडीवरच्या सीनियर माणसानं आधीच मोठ्यानं जाहीर करून टाकावं, लाइनमन येईपर्यंत कोणी पुढे जाणार नाही, हा माझा हुकूम आहे. मग शिव्या त्याला पडतील, पोरांना नाही.

डिस्चार्ज रॉड कसा लावतात, पाय घासत मागे कसं यायचं, हे कोणाला शिकायचं असेल तर मी येतो. शिंगाडा तलावाच्या फायर स्टेशनला या म्हणा, सातपूरला या म्हणा, कुठंही येतो, पैसे नकोत. रॉड माझ्याकडे नाही, तो रिटायर होताना जमा केला, तेवढा कोणाचा तरी मागून ठेवा. फक्त सकाळी नऊच्या आधी नको, नातवाची रिक्षा असते.

तुमचाच,
एक रिटायर लाइनमन
सिडको, नाशिक